डब्याच्या वेळचं बोलणं

जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतावर अजित वाडेकर भारताचे कर्णधार झाले. तोवर ते आधीचे कर्णधार पतौडी यांच्या हाताखाली खेळणारे एक फलंदाज होते. वेस्ट इंडीजला निघालेल्या त्यांच्या संघात जयसिंहा, दुराणी, सरदेसाई हे तिघंही त्यांच्याआधी कसोटीत आलेले. त्यांना हुकूम द्यायचा कसा?

पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत, वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात वाडेकरांनी चेंडू सलीम दुराणींच्या हाती दिला. दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, लॉइडलाही बाद केलं. तो झेल खुद्द वाडेकरांचा. वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला तो पहिला कसोटी विजय. सरदेसाईंनी त्या मालिकेत ६४२ धावा काढल्या. सोबत खेळलेल्या माणसाला सहकाऱ्याचं बळ ठाऊक असतं, तसं त्याचं दुखणंही. वाडेकरांनी बळ वापरलं.

बँकेत, शाळेत, एसटीच्या डेपोत बढती मिळते तेव्हा हीच परीक्षा असते. आई अंथरुणावर आहे म्हणून कोण पंधरा मिनिटं आधी निघतो, कुणाचे घराचे हप्ते थकलेत, नवीन संगणकप्रणालीची कुणाला धास्ती आहे, हे नव्या साहेबाला सगळं माहीत असतं. पण ते डबा उघडून बसल्यावर मित्राला सांगितलेलं असतं, साहेबाला नव्हे. तेच उद्या मेमोत उतरलं तर तो विश्वासघात आहे, भले नियमात बसो. हुकूम पाळले जातील; मन मात्र कोणी मोकळं करणार नाही.

म्हणून मित्राचा लेट मार्क झाकावा असंही नाही. त्याची झळ कोपऱ्यातल्या, साहेबाशी कधीच दोस्ती नसलेल्या माणसाला बसते. आईसाठी लवकर जायचं असेल तर तशी रीतसर सवलत मागायला सांगावं, आणि ती सगळ्यांना सारखी असावी.

सगळ्यात अवघड गाठ असते ती त्याच खुर्चीवर हक्क असलेल्या आणि डावलल्या गेलेल्या सहकाऱ्याशी. त्याला केबिनमध्ये बोलावू नये, आपण त्याच्या टेबलाशी जावं. तो आपल्याहून कशात सरस आहे हे आपल्याला नेमकं माहीत असतं. ते काम त्याच्याकडे द्यावं आणि वरिष्ठांच्या बैठकीत त्याचं नाव घेऊन सांगावं. त्याचा राग लगेच जाणार नाही. तो जायलाच हवा, असा हट्टही धरू नये.