तिथीची पाऊणपट

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं. भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते आणि किल्ला बेट होतो. पाणी केव्हा चढेल हे सांगायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना घड्याळ लागत नाही. ती विचारतात, आज तिथी कोणती?

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून.

हा आडाखा जमतो, कारण तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं अंतरच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्र आपल्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूचं कमी, म्हणून फुगवटे दोन, म्हणून भरत्याही दिवसातून दोन. पृथ्वी एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला तिला सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात. आडाख्यातला पाऊण तास तो हाच, किंचित तोकडा. भरती चढवणारी सूर्याची ओढ चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. पण अमावास्या-पौर्णिमेला ती चंद्राच्या जोडीला येते आणि उधाण चढतं. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाचं मवाळ पाणी.

हा हिशोब मुंबई आणि तिच्या आसपासच्या किनाऱ्याचा. प्रत्येक बंदराची वेळ आणि उंची किनाऱ्याच्या आकारावर ठरते. खंबातच्या निमुळत्या आखातात, भावनगरला, पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मुंबईत उधाणाची भरती बहुतेक वेळा पाच मीटरच्या आत राहते. बिनचूक आकड्यांसाठी भरतीची कोष्टकं लागतात. 1879 साली हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये खास यंत्रच घडवलं गेलं होतं. चंद्र-सूर्याच्या गतीतले अनेक बारकावे एकत्र करून ते भरतीची वेळ आणि उंची काढायचं.

तरीही शहरात तिथी आता उपास आणि मुहूर्तापुरती उरली, याचं मला वाईट वाटतं. शहराला समुद्राची वेळ विसरून चालत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. मुंबईच्या नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात. समुद्र वर असला की पाणी जाणार कुठे? खाजणं बुजवताना, नाल्यांवर बांधताना हा साधा प्रश्न विचारायला हवा होता.

मुलांना पाढे शिकवता तसा हा पाढाही शिकवा. कुलाबा किल्ल्यात जायचा दिवस चतुर्थीचा असेल, तर सकाळी नऊच्या सुमाराला वाट मोकळी असेल. दुपारी तीनला पाणी पूर्ण चढलेलं असेल. त्या दिवसाचं कोष्टक ताडून पाहा, आणि पाणी वळलं की लगेच परत फिरा.