सुसंस्कृत गोंगाट

टेकडीवर मोठ्याने गाणे वाजविण्यावरून झालेल्या बाचाबाचीचा निवाडा शहराने चार दिवस केला आणि बहुमताचे पारडे कमरपट्ट्याला स्पीकर अडकवून चढणाऱ्या सद्गृहस्थांकडे झुकले, ते एवढ्याचसाठी की त्या स्पीकरमधून भीमसेन गात होते. ‘डीजे थोडाच लावला होता?’ या एका सबबीपुढे एरवी कायद्याचा कीस काढणारी माणसेही विरघळली.

गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर ज्यांना धावणे सोडून टेकडी, सायकल किंवा पोहण्याचा तलाव यांचा आश्रय घ्यावा लागतो, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. धावण्याची झिंग गेली की कंटाळा उरतो आणि आवडते गाणे हा त्यावरचा रास्त उतारा आहे. मध्यम श्रमाच्या व्यायामात संगीताने श्रमाची जाणीव हलकी होते, हे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेऑर्गिस यांनी वर्षानुवर्षे अभ्यासिले आहे. तथापि ज्याचे गाणे त्याचे श्रम हलके होत असताना त्याच्या मागून मुकाट्याने चढणाऱ्याच्या श्रमांत जी भर पडते, तिचा जमाखर्च कोणी मांडावयाचा?

इयरफोनने कान दुखतात म्हणे. मागून येणारी मोटार ऐकू येत नाही म्हणे. टेकडीच्या पायवाटेवर मोटारी येत नाहीत, आणि येत असल्या तरी कान मोकळे ठेवून गालाच्या हाडातून नाद पोहोचविणारी यंत्रे बाजारात मिळतात. या सबबी सोडून देऊ.

अभिजाततेची सबब मात्र अशी सोडून देण्याजोगी नाही. गाणे थोर असले की ते सक्तीने ऐकविण्याचा परवाना आपोआप मिळतो, अशी समजूत असणाऱ्यांनी किशोरी आमोणकरांचे स्मरण करावे. समोरची कुजबुज थांबली नाही तर भर मैफलीत श्रोत्यांना खडसावणाऱ्या त्या मानिनीचे सूर आता चपलांच्या फटफटीत, कुत्र्यांच्या भुंकण्यात आणि ‘अहो, दूध घेतलंत का?’ या पृच्छेत वाटले जातात, आणि याला म्हणे संगीताचा प्रसार म्हणावयाचे. तान समेवर येऊन ठेपणार, इतक्यात फुकटच्या ॲपातून गृहकर्जाची जाहिरात उसळते. आमचे रसिक गृहस्थ तीही तितक्याच निर्विकारपणे ऐकत चालू लागतात, यावरून त्यांच्या तल्लीनतेची इयत्ता कळावी. शिवाय ख्याल विलंबित. बारा मात्रांच्या एकतालात मात्रेला एक पायरी या हिशेबाने चढू लागल्यास पर्वतीच्या 103 पायऱ्या संपावयास नववे आवर्तन उजाडेल, आणि अतिविलंबितात एकेक आवर्तन मिनिटभर चालते. तेव्हा चालीला ताल मिळावा म्हणून गाणे लावतो, हा युक्तिवादही त्यांनी करू नये.

आणि राग कोणता, तर सकाळी साडेसहाला पूरिया धनाश्री! संधिप्रकाशाचा राग खरा, पण तो संधिप्रकाश मावळतीचा. रागसमयाविषयीचा माझा हट्ट वाचकांच्या परिचयाचा आहे, कित्येकांच्या तर तो त्रासाचाही आहे. पण सूर्य वर येत असताना दिवेलागणीचे स्वर कानी पडले की मला अपचन होते, आणि यावर कोणत्याही वैद्याकडे औषध नाही.

फिर्याद कोठे करावी, असे एका स्नेह्यांनी विचारले. 2000 सालच्या ध्वनिनियमांनी ध्वनिक्षेपकास रात्री 10 ते सकाळी 6 एवढी मनाई घातली आहे, आणि आमचे गृहस्थ सहा वाजून गेल्यावरच पायथ्याशी हजर होतात. हवालदाराला बोलवावे तर तो पहिल्याच आलापाला ‘वा!’ म्हणावयाचा. उरतो शिष्टाचार, पण त्याची अंमलबजावणी करणारे खाते सरकारने अद्याप काढलेले नाही.

यास्तव तडजोड. खुद्द भीमसेनांनीच ललत भटियार ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आहे. सकाळी तो लावाल तर निम्मी तक्रार मी आजच मागे घेतो. उरलेल्या निम्मीसाठी इयरफोनची किंमत आपण दोघांनी वाटून घेऊ.