आठवे स्थान



फेब्रुवारी लागला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाला नवे पान मिळाले आणि आपले जुने बेतही पुन्हा वर आले. कुणाला हार्मोनियम शिकायची आहे, कुणाला वेदीच्या चादरीवरचे भरतकाम पुरे करायचे आहे, कुणाला आजोबांच्या आठवणी लिहून काढायच्या आहेत. मग मिस्सानंतर अंगणात कुणीतरी विचारतेच, "फादर, घरची कामे पडलेली असताना आपल्याच आवडीचे घेऊन बसणे हा स्वार्थ नाही का?"

"देवाची देणगी आहे, वापरा," असे सांगून आणि जमिनीत पुरलेल्या धनाचा दाखला देऊन आम्ही हा प्रश्न बरेचदा उडवून लावला आहे. पण तो इतका सोपा नाही. संत थॉमस अक्विनस यांनी घडवणे आणि वागणे यांत भेद केला. कला एवढेच पाहते की वस्तू चांगली झाली की नाही. करणारा माणूस चांगला होतो आहे की नाही, हे विवेक पाहतो. घरच्यांवर खेकसूनही सुंदर भक्तिगीत रचता येते! गीत सुंदरच राहील, खेकसणेही खेकसणेच राहील. एकाने दुसरे फिटत नाही.

आपल्या नागपूरचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस दि सेल्स लेखकांचे आश्रयदाते. पोप अकरावे पायस यांनी 1923 मध्ये त्यांना हा मान दिला. तरुणपणी शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकायला येईनात, तेव्हा ते हाताने मजकूर लिहून पत्रके लोकांच्या दारांखालून आत सरकवत. (आपले हे पत्रक त्याच कुळातले म्हणायचे.) आणि 1609 मध्ये निघालेले त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक? त्याचे मूळ एका विवाहित बाईला मार्गदर्शन म्हणून लिहिलेल्या मजकुरात आहे. 'माझे पुस्तक' म्हणून ते बसले नव्हते, एका माणसाची अडचण सोडवत होते.

याहून जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ ते नागपुरात राहिले होते. पंथ वेगळा, पण त्यांची गीते आपणही गातो. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतले आणि ते अर्धवट असतानाच 1919 मध्ये ते गेले. ते पुढे लिहून पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरे शिकल्या त्या टिळकांकडून. टिळकांच्या लहरींनी या बाईंना किती सोसावे लागले, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे, म्हणून ही गोष्ट फार गोड करून सांगू नये. पण आम्हाला एक वाटते. बायकोला अक्षरे शिकवण्यात गेलेला वेळ टिळकांनी आपल्या काव्याच्या खात्यावर कधी मांडला नसेल. काव्य तडीस गेले ते मात्र त्याच वेळामुळे.

आता आमचेही सांगायला हवे. सेमिनरीत असताना आम्ही साध्या मराठीत 'क्रूसाची वाट' लिहायला घेतली. दर वर्षी उपवासकाळ जवळ आला की वही निघते आणि सातव्या स्थानावर अडते. आम्ही कारण देतो ते धर्मग्रामाच्या कामांचे: आजाऱ्यांच्या भेटी, लग्नाचे कागद, छताची गळती. हे अर्धेच खरे आहे. कित्येक संध्याकाळी आम्ही वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होतो. आणि खरे सांगायचे तर, वही दुसऱ्या कुणाला दाखवावी असे इतक्या वर्षांत आमच्या मनात आले नाही. ती 'आमची' होती ना!

आठव्या स्थानात येशू यरुशलेमच्या स्त्रियांना भेटतो. त्या काय बोलल्या असतील, हे आम्हाला सुचलेले नाही. या शुक्रवारपासून वही सॅक्रिस्टीतल्या टेबलावर आहे. सोबत पेन ठेवले आहे.