शेवटचें ताट

सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर उरलेंसुरलें खाणाऱ्या गृहिणीस आपण त्यागमूर्ति म्हणतों. परंतु जें नाकारण्याची मोकळीक आहे तें आपखुषीनें देणें, याचेंच नांव त्याग. रूढीनें काढून घेतलेला घास हा त्याग नसून कर होय. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत स्त्रीच्या देहास लोह पुरुषाहून अधिक लागतें. ताटांत मात्र तेंच कमी पडतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत; पण त्यांतलें एक आपल्याच स्वयंपाकघरांत आहे. प्रस्तुत लेखकही आजवर आधींच जेवत आला. मातेचे गोडवे गाण्यापूर्वी तिच्यासाठीं पानावर थांबावें, हा साधा पुत्रधर्म नव्हे काय?