पाचारण आणि शेजारी

ख्रिस्ती विचारात पाचारण म्हणजे देवाने माणसाला मारलेली हाक. ती फक्त पाळकांना आणि मठवासीयांना येते, ही जुनी समजूत सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने मोडली आणि चांभाराचे, दाईचे, घरकाम करणारीचे कामही पाचारणाच्या कक्षेत आणले. अलीकडे मात्र या कल्पनेचे फार सवंग रूप प्रचलित झाले आहे. उपदेशांत आणि तरुणांच्या शिबिरांत पाचारण शोधणे म्हणजे आपली आवड शोधणे, असे सर्रास सांगितले जाते. जे करताना वेळेचे भान राहत नाही, तेच देवाने नेमलेले काम! या हिशोबाने रात्रपाळीचा पहारेकरी, शिलाई कारखान्यातली कामगार, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणारी सून यांना देवाने कधी हाक मारलीच नाही, असे ठरते. बहुतेक माणसे मिळेल ते काम पोटासाठी करतात. त्यांना बाहेर ठेवणारी शिकवण ख्रिस्ती म्हणण्याच्या योग्यतेची नाही.

मूळ कल्पना अशी नव्हती. मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये एरफुर्टच्या मठात दाखल झाला आणि १५२१ मध्ये त्याने मठातील व्रतांवरच टीकाग्रंथ लिहिला, हा इतिहास परिचित आहे. त्याहून महत्त्वाची आहेत त्याने निवडलेली उदाहरणे. विवाहावरील १५२२ च्या लेखनात तो बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाविषयी बोलतो: लोक त्या बापाला हसले, तरी देव त्याच्यावर प्रसन्न असतो. गायीचे दूध काढणाऱ्या मुलीच्या हातून देवच माणसांना दूध पाजतो, असेही तो मानतो. या दोन्ही कामांत करणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न कुठेच येत नाही. कोणाला तरी दूध हवे आहे, कोणाला तरी कोरडे कापड हवे आहे, एवढ्यावरच त्या कामाचे मोल ठरते. देवाला माणसाच्या सत्कृत्यांची गरज नसते, ती शेजाऱ्याला असते, हा ल्यूथरच्या विचाराचा कणा आहे.

माक्स वेबरच्या १९०४-०५ च्या प्रसिद्ध निबंधाने या कल्पनेच्या आर्थिक परिणामांचा शोध घेतला. तिच्या अर्थाबद्दल त्यातून फारसे हाती लागत नाही. आणि धंद्यातील बरकत हीच देवाच्या कृपेची खूण मानणारी समृद्धीची शिकवण खंडनाच्याही लायकीची नाही.

गंभीर उत्तर द्यायला हवे ते डोरोथी सेयर्स यांच्या मांडणीला, कारण आवडीच्या आजच्या गोष्टी तिच्याच पातळ आवृत्त्या आहेत. रहस्यकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या या इंग्रज लेखिकेने १९४२ मध्ये, ऐन युद्धात, ईस्टबोर्न येथे कामाच्या प्रयोजनावर भाषण दिले. चर्च सुताराला दारू पिऊ नकोस, रविवारी उपासनेला ये, एवढेच सांगते. पण धर्माची त्याच्याकडे पहिली मागणी चांगली टेबले करण्याची आहे, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. वाईट टेबलाची भरपाई भक्तीने होत नाही. मात्र त्या पुढे जातात. काम म्हणजे माणसाच्या सर्व शक्तींचा पूर्ण आविष्कार, आणि कामगाराने सेवा करायची ती समाजाची नव्हे, कामाची, असे त्या म्हणतात. समाजाकडे डोळा ठेवून काम करणारा टाळ्यांची वाट पाहू लागतो आणि काम बिघडते, ही त्यांची भीती.

भीती खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. टेबल, पुस्तक, पूल यांना पूर्णत्व असते. ते घडवणाऱ्याला आपले कौशल्य समोर उभे दिसते. स्वयंपाक, झाडलोट, रुग्णाची शुश्रूषा ही कामे रोज होतात आणि रोज पुसली जातात. त्यांतून उभी राहणारी वस्तू नाही, तर सेवा कोणत्या वस्तूची करायची? शिवाय उत्तम घडलेली वस्तू घातकही असू शकते. सेयर्सना हे ठाऊक होते. लंडनच्या जाहिरात कंपनीत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते, आणि वस्तू विकली जाते का यापेक्षा ती चांगली आहे का हे विचारावे, असा त्यांचाच आग्रह होता. पण चांगली म्हणजे कोणासाठी, हे विचारताच त्यांनी दाराबाहेर ठेवलेला माणूस आत येतो. त्यांची गल्लत प्रेक्षक आणि शेजारी यांना एक मानण्यात आहे. प्रेक्षक दाद देतो. त्याच्यासाठी केलेले काम खरोखर बिघडते. शेजाऱ्याला गरज असते, आणि पुष्कळदा तो दाद देऊच शकत नाही. तान्हे बाळ देत नाही, शुद्ध हरपलेला रुग्ण देत नाही. त्यांच्यासाठी केलेल्या कामात कुचराई झाली, तर तीही बहुधा कोणाला दिसत नाही. तिथे काम चोख करायला लावणारी गोष्ट टाळी नसते.

याच भेदावर महाराष्ट्रातील सर्वांत कठीण आक्षेपाचे उत्तर अवलंबून आहे. जिथे जन्माने कामे वाटली गेली, तिथे आपल्या कामात देवाची हाक ऐका, हा उपदेश बेडीसारखा ऐकू येणारच. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडले. अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेले बरेचसे लोक महार आणि मांग समाजांतले होते. गावकीची सक्तीची कामे हे देवाचे पाचारण आहे, असे त्यांना सांगणे अन्यायच ठरला असता. ल्यूथर इथे तोकडा पडतो. १५२५ च्या शेतकरी उठावात त्याने सरदारांची बाजू घेतली आणि ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावे, याला देवाज्ञेचे वजन दिले. हाक कामाला चिकटलेली मानली, की तिचा शेवट असा होतो. ती शेजाऱ्याकडून येते असे मानले, तर काम सोडण्याचा मार्ग खुला राहतो, कारण जे काम करणाऱ्याला माणसांतून उठवते त्यात देणारा आणि घेणारा शेजारी उरत नाहीत. करिंथकरांस पाठवलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल ज्याला त्याला आपापल्या स्थितीत राहायला सांगतो. पण सुटकेची संधी आलेल्या गुलामाने ती घ्यावी, असाच तेथील ओळीचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

स्वतः पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू बनवत असे. त्या कामाची आपल्याला गोडी होती, असे त्याने कुठेही लिहिलेले नाही. थेस्सलनीकाकरांना त्याने कारण सांगितले ते कोणावर भार पडू नये हे; आणि इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना त्याने आपले हात दाखवून सांगितले, की सोबत्यांच्या गरजा याच हातांनी भागवल्या आणि दुर्बळांना मदत करायची ती अशाच श्रमाने.