ठेव कुणाच्या घरी?

मराठीत ‘ठेव’ बँकेत असते तशी शेजारणीकडेही असते. गावाला जाताना दागिन्यांचा डबा तिच्या हवाली केला, की पावती मागायची नसते. बोम्मसंद्र्यात, होसूर रस्त्यालगतच्या या कारखान्यांच्या वस्तीत राहून मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. गेली काही वर्षं माझ्याकडे अशीच एक ठेव आहे : पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी बायकांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं. त्यातल्या एका आजींनी सुनेबद्दल, जमिनीच्या वाटणीबद्दल मन मोकळं केलं आणि उठताना म्हणाल्या, ‘‘हे तुझ्या घरातच ठेव बघ.’’

आता घर म्हणजे काय धरायचं?

शब्दाला जागायचं तर सर्व्हर घरात हवा. तळहाताएवढा रास्पबेरी पाय आणि एक डिस्क पुरते. पाच वॅट धरले तर वर्षाला जेमतेम ४४ युनिट वीज. पण घरगुती ब्रॉडबँडमध्ये पुष्कळदा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आपल्या यंत्राचं दार बाहेरून ठोठावता यावं म्हणून स्थिर पत्ता घ्या, त्याचे वेगळे पैसे भरा. डोमेनचं नावही विकत मिळत नाही, मुदतीपुरतं मिळतं. भिंती आपल्या, रस्ता आणि पाटी भाड्याची. शिवाय वीज गेली, इन्व्हर्टर संपला, की दार बंदच.

होस्टिंगचे पैसे भरले तर रात्री जागणारी माणसं मिळतात, हे खरं आहे. त्यांच्याकडेही आग लागते. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांनी दुसरी प्रत राखली नव्हती, अशा अनेकांचं काम कायमचं गेलं. जिओसिटीज तर जळलंही नाही. याहूनं २००९ साली ते बंद करायचं ठरवलं, एवढंच.

हा पेच संगणकानं आणलेला नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरं मागत. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे खंड बावीस झाले. दप्तर द्यायला कां-कूं करणाऱ्या घराण्यांना आपण सहज आडमुठे म्हणतो. वाळवीला दिलं, पण अभ्यासकाला दिलं नाही, हा आरोप खोटा नाही. पण त्या कागदांत कर्जं होती, भाऊबंदकी होती, पणजोबांनी कुणाला फसवलं तेही होतं. ‘घरातलं घरात राहू दे’ म्हणणाऱ्याला इतिहास नको असतो असं नाही. आपल्या माणसाची अब्रू परक्याच्या हाती द्यायचा अधिकार आपल्याला आहे का, ही शंका त्याला असते. ती मला रास्त वाटते. दप्तर उघडणाऱ्यांच्या बाजूनं आयुष्य गेलं, तरीही.

म्हणून अनुवाद भाड्याच्या जागेत ठेवले आहेत. ते लोकांसाठीच आहेत. आवाज घरी आहेत. त्यांची एक प्रत मात्र कुलूपबंद करून, म्हणजे परवलीच्या शब्दांवाचून उघडणार नाही अशी, परक्या यंत्रावरही ठेवली. यात शब्द मोडला का? शेजारणीनं डबा आपल्या कपाटात न ठेवता बँकेच्या लॉकरात ठेवला, तर मालकीण बहुधा रागावणार नाही. न सांगता ठेवला तर रागवावं. मी आजींना सांगितलं. यंत्राचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी विचारलं ते निराळंच : ‘‘तू नसलीस तर कोण उघडणार?’’

याचं उत्तर कुठल्याच होस्टिंगच्या दरपत्रकात नाही, घरच्या सर्व्हरमध्ये तर मुळीच नाही. मी प्रश्न त्यांनाच परत विचारला. त्यांनी नातीचं नाव घेतलं, ज्या सुनेबद्दल बोलल्या तिच्याच लेकीचं. वर म्हणाल्या, ‘‘पण मी गेल्यावर.’’ नातीला मराठी कळतं, वाचता येत नाही. परवलीचे सहा शब्द मी कन्नड लिपीत लिहून पाकिटात घातले. पाकीट आजींच्या कपाटात आहे, लुगड्यांखाली.