टेबलाखालचा डबा

२०२५च्या दसऱ्याला भोसरी-चाकणच्या मशिन शॉपमध्ये लेथपासून मोजमापाच्या सीएमएम मशिनपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडले. बारा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १०चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला.

नव्या विंडोजमधून कुठला कॉम्प्युटर बाद होणार, याचा अंदाज आपण वयावरून बांधतो. आठ वर्षं झाली, म्हणजे गेला. पण २०२१मध्ये विंडोज ११ आलं ते वेगळीच अट घेऊन: टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा. सातव्या जनरेशनचे धडधाकट पीसी बाहेर राहिले. त्यातले मोजके प्रोसेसर आत घेतले गेले, त्यांत आय७-७८२०एचक्यू होता. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये हाच प्रोसेसर होता. याला योगायोग म्हणायची माझी तयारी नाही. अंदाज बांधायचाच तर आधी विकणाऱ्याचं गोदाम बघावं.

शॉपमध्ये प्रश्न आणखी गुंततो. सीएमएमशेजारचा पीसी एकटा जात नाही. त्याच्या पाठीला लायसन्सचं डोंगल अडकवलेलं, आत जुन्या विंडोजवरच चालणारं मोजमापाचं सॉफ्टवेअर. नव्या आवृत्तीचं कोटेशन वाचलं की मालक त्याच पीसीवर पुन्हा फडकं मारतो. ग्रॅनाइटचं टेबल अजून मायक्रॉनला चुकत नाही. बाद ठरतो तो टेबलाखालचा डबा.

मग नेटवर्कची वायर काढून ठेवायची आणि प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून न्यायचे. तो पेन ड्राइव्ह आधी कुठे कुठे फिरून आला, हे कोण विचारतो? आणि वायर तशीच ठेवली, तरी सुटका नाही: मे २०१७मध्ये नेटवर्कवरून पसरणाऱ्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरमुळे चेन्नईजवळच्या रेनो-निसानच्या कारखान्यात काम थांबलं होतं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, ज्याचा सपोर्ट एप्रिल २०१४मध्येच बंद झाला होता. मनात आणलं की देता येतं.

पैसे मोजले तर तारीखही सरकते. कंपन्यांना विंडोज १०चे सुरक्षा अपडेट पहिल्या वर्षी पीसीमागे ६१ डॉलरला, पुढे दरवर्षी दुप्पट दराने, २०२८पर्यंत मिळतात. मशिनमध्ये बसवून येणाऱ्या आयओटी एलटीएससी २०२१ आवृत्तीला तर जानेवारी २०३२पर्यंत सपोर्ट आहे. एकाच नावाचं विंडोज, अकाउंट्सच्या टेबलावर संपलेलं आणि कंट्रोलरमध्ये २०३२पर्यंत चालणारं.

नवं व्हीएमसी मशिन घेताना स्पिंडलच्या वॉरंटीवरून, टूल होल्डरच्या फुकट सेटवरून तासभर घासाघीस चालते. आत कुठलं विंडोज आहे आणि ते कुठल्या वर्षापर्यंत सांभाळणार, हे कोटेशनवर लिहून घेणारा मालक माझ्या पाहण्यात तरी विरळाच.